गोधडी

वापरून जुन्या झालेल्या व धुऊन मऊ पडलेल्या कापडांचे थर एकावर एक अंथरून, ते सर्व थरांतून आरपार जाणाऱ्या धावदोऱ्याच्या टाक्यांनी एकत्र शिवून तयार केलेले पांघरूण वा अंथरूण. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गोधडी नाही असे घर क्वचितच आढळते. शहरांतूनही ती पुष्कळ घरांत वापरात आहे. सुई आणि दोरा यांखेरीज तिच्यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही. ती शिवणारी स्त्री व्यवसायाने कारागीर नसते; घरकाम व शेतकाम आटोपून उरलेल्या वेळात ती हे काम करते. त्यामुळेच लाकूड, धातू, माती किंवा हातमाग यांच्या कारागिरीला हस्तव्यवसायांच्या वर्णनांत जे स्थान मिळाले, ते गोधडीला फार उशिरा व तेही अल्प प्रमाणात मिळाले. वस्तुतः कापडाची पारख, थरांची रचना व टाक्यांचे अंतर यांचे निश्चित असे ज्ञान या कामामागे असते आणि ते ग्रंथांतून नव्हे, तर आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे प्रत्यक्ष कामातून जाते.

नावे व प्रकार : कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गोधडीस ‘वाकळ’ हे नाव रूढ आहे. एकच लांब वस्त्र चौपदरी करून शिवलेल्या पांघरुणास ‘चौघडी’ म्हणतात. नऊवारी लुगड्याची लांबी सु. ८.२ मी. असते, त्याच्या चार घड्या केल्या म्हणजे प्रत्येकी सु. २ मी. लांबीचे चार थर मिळतात व एका माणसास पुरेल असे पांघरूण विशेष कापाकापी न करता तयार होते. तान्ह्या मुलासाठी केलेले लहान, दोन-तीन पदरी पांघरूण म्हणजे ‘दुपटे’. दुलई, रजई व लेप यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो व ते काम प्रायः पिंजाऱ्याकडून करवून घेतात. गोधडीत कापूस नसतो, थर सर्वस्वी कापडाचेच असतात. हा या दोहोंतील मुख्य भेद होय. संस्कृतात ठिगळे जोडून केलेल्या वस्त्रास ‘कंथा’ म्हणतात व विरक्त पुरुषाचे वस्त्र म्हणून तिचा निर्देश येतो. ही परंपरा महाराष्ट्रात अर्वाचीन काळापर्यंत टिकून होती. अंगावरील गोधडीवजा फाटक्या वस्त्रांमुळे गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांस लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. एकाच वस्तूला गृहस्थाच्या घरात काटकसरीचा व संन्याशाच्या अंगावर त्यागाचा अर्थ प्राप्त व्हावा, हे लक्षणीय आहे.

कापडाचा जीवनक्रम : गोधडीचा विचार करताना कापडाचे मोल प्रथम ध्यानात घ्यावे लागते. हातमागावर विणलेले कापड सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने महाग असे. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली व पुढे गिरण्यांच्या वाढीबरोबर कापड स्वस्त होत गेले. तरीही ते टाकून देण्याजोगे कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाईमुळे १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रण आले. त्या पिढीतील स्त्रियांनी चिंध्या जपून ठेवण्याची सवय पुढेही सोडली नाही.

नवे लुगडे आधी सणासमारंभास, मग नित्य वापरास व त्यानंतर शेतावर नेसण्यास वापरले जाते. या अवस्थेस ते आले म्हणजे त्यास ‘जुनेर’ म्हणतात. जुनेराचे मधले, बसून-उठून विरलेले भाग आधी फाटतात. काठ व पदर टिकतात. चांगल्या भागांची दुपटी, परकर, मुलांचे कपडे होतात. या कपड्यांचेही आयुष्य संपले, की ते गोधडीच्या गाठोड्यात पडतात. गोधडीही फाटते, पण तेव्हा ती टाकून न देता नव्या गोधडीचा मधला थर म्हणून वापरतात. एखाद्या जुन्या गोधडीचा उसवलेला कोपरा पाहिला असता तीत तिच्याहून जुनी गोधडी व तीत आणखी जुने लुगडे असे क्रमाने आढळते. अगदीच जीर्ण झालेला भाग शेवटी चूल सारवण्याच्या पोतेऱ्याच्या रूपाने संपतो. अशा रीतीने एका वस्त्राचा उपयोग घरात दोन-तीन पिढ्यांपर्यंत चालू राहतो.

शहरांत या क्रमाला बोहारणीने वेगळे वळण दिले. जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण पुन्हा नेसता-घालता येण्याजोगे कपडेच पसंत करते. परिणामी शहरी गृहिणीच्या गोधडीस बोहारणीने नाकारलेले कापड तेवढे उरते. धड कापड आणि चिंधी यांच्यातील सीमारेषा अशी दारातच आखली जाते.

साहित्य : गोधडीस सुती कापड उत्तम. धोतर, लुगडे, पटका, सदरा, मांजरपाटाची बंडी ही त्यासाठी परंपरेने वापरली जाणारी वस्त्रे होत. त्यांतही जुनेच कापड घेतात, यास केवळ काटकसर हे कारण नाही. नव्या कापडात खळ असते. ते ताठ असून सुईला विरोध करते. शिवाय ते पहिल्या काही धुण्यांत आटते. आटून गेलेल्या जुन्या कापडांत नव्या कापडाचा एखादा थर घातला, तर धुतल्यावर तो आखडतो व त्याच्याभोवतीचे थर चुण्या पडून गोळा होतात. कच्च्या रंगाचे नवे कापड शेजारच्या पांढऱ्या ठिगळावर रंग सोडते. जुन्या कापडाची खळ, आटणे व सुटा रंग हे तिन्ही दोष आधीच निघून गेलेले असतात.

सुई लांब व जाड नाकाची असावी लागते. फार जाड थरांसाठी दाभणही वापरतात. दोरा जाड, पीळदार व सुती असतो. पॉलिएस्टरचा दोरा बळकट खरा. परंतु जीर्ण कापडापेक्षा दोरा अधिक चिवट असला, तर ओढ बसल्यावर दोरा न तुटता कापडच चिरले जाते. दोरा तुटणे हा दुरुस्त करता येणारा दोष आहे, कापड चिरणे हा तसा नाही. म्हणून अनुभवी स्त्री कापडाहून किंचित दुबळा दोराच पसंत करते. सुई ढकलण्यासाठी अंगुस्तान असते. पण पुष्कळ स्त्रिया बोटाला चिंधी गुंडाळूनच काम भागवतात.

शिवण्याची पद्धत : गाठोडे सोडून चिंध्या निवडणे हे पहिले काम. गुंड्या, आकडे काढून ठेवतात. जाड शिवणी व काजपट्ट्या कापून टाकतात, कारण अशा जागी सुई अडते. कापड दोन्ही हातांनी ताणून पाहतात. ‘टर्र’ असा आवाज होऊन ते सहज फाटले, तर मधल्या थरात, टिकले तर वरच्या थरात, अशी साधी परीक्षा असते. जाड तुकडे जाडांत व पातळ पातळांत वेगळे काढतात.

नंतर सारवलेल्या किंवा स्वच्छ जमिनीवर खालचा पदर अंथरतात. हा बहुधा एकसंध लुगड्याचा वा दोन पट्टे जोडलेला असतो. त्यावर चिंध्या मांडतात. तुकड्याचा ताणा किंवा बाणा गोधडीच्या कडेस समांतर राहील, अशी दक्षता घेतली जाते. तिरप्या कापलेल्या तुकड्यास ओढ बसली की तो ताणला जातो व गोधडीचा आकार बिघडतो. एका तुकड्याची कड दुसऱ्यावर दोन-तीन बोटे चढवतात, कारण कडेला कड भिडवली तर त्या जागी थर विरळ राहून थंडी शिरते. हाताने चाचपून विरळ जागा भरून काढतात. थरांची एकूण संख्या सामान्यतः पाच ते आठ असते. त्याहून अधिक थर झाले, तर सुई नीट जात नाही व गोधडी ताठ आणि जड होते.

वरचा पदर घातल्यावर लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर टाचून घेतात. हे टाके मध्यापासून कडांकडे घालत जातात, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. नंतर चारही कडा दुमडून शिवतात किंवा त्यांना वेगळ्या रंगाचा गोट लावतात. लुगड्याचे काठ या कामी विशेष उपयोगी पडतात. पक्के टाके मात्र उलट दिशेने, म्हणजे कडेपासून मध्याकडे, घातले जातात. चौकोनाच्या आत चौकोन अशा ओळी येत येत त्या मध्यावर मिटतात. टाचण्यात ढिलाई राहिली असली, तर ती सर्व मध्याशी गोळा होऊन तेथे फुगा येतो व तो काढण्यासाठी कित्येक ओळी उसवाव्या लागतात. म्हणून गोधडी चांगली की वाईट हे टाचतानाच ठरते. दोरा हातभर ते दोन हातच घेतात. अधिक लांब दोऱ्यास पीळ पडून गुंता होतो. दोऱ्याची गाठ वर न ठेवता थरांच्या आत खेचून दडवतात, म्हणजे ती पांघरणाऱ्यास टोचत नाही.

रचनेत शोभेचा विचार नसतो असे नव्हे. इरकली काठ, खणाचे तुकडे, लाल किंवा हिरवे ठिगळ मध्यभागी वा कोपऱ्यांत समोरासमोर मांडणे, विरोधी रंगाचा दोरा वापरणे यांतून प्रत्येक स्त्रीची आवड व्यक्त होते. तथापि ही शोभा उपलब्ध चिंध्यांच्या मर्यादेत साधावी लागते. हवा तो रंग हव्या त्या मापात कधीच मिळत नाही. असलेल्या तुकड्यांतून मेळ साधणे हेच या कलेचे मर्म आहे.

गोधडी शिवणाऱ्या स्त्रीचा दिनक्रम : ग्रामीण भागात गोधडीचा हंगाम म्हणजे उन्हाळा. रब्बीची कापणी-मळणी संपल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत (७–८ जून) शेतातील कामे कमी असतात. हवा कोरडी असल्याने थर दमट होत नाहीत आणि अंगणात किंवा ओसरीवर प्रकाश भरपूर मिळतो. पावसाळ्याच्या आत गोधडी पुरी करावयाची, अशी एक मुदतच या कामास असते.

या दिवसांतही गोधडीच्या वाट्याला दिवसाचा लहानसा भाग येतो. पाणी, स्वयंपाक, गुरांचे शेणपाणी, धुणे, दुपारचे जेवण व भांडी ही कामे उरकल्यावर, दिवेलागणीची तयारी सुरू होण्यापूर्वी जे दोनएक तास मिळतात, त्यांत शिवण होते. गुंडाळलेली गोधडी कोनाड्यातून काढणे, ती उलगडणे, कालची ओळ शोधणे व उठताना सुई कापडातच नीट टोचून ठेवणे हा नित्याचा क्रम असतो. मध्येच मूल रडते, पाहुणा येतो, दळण आणावयाचे राहते. धावदोऱ्याचा टाका कोठेही थांबवता येतो व पुन्हा तेथूनच पुढे नेता येतो. हा टाका गोधडीसाठी रूढ होण्यामागे त्याच्या सोपेपणाइतकेच हेही कारण असावे.

जमिनीवर बसून, एक पाय पसरून व दुसऱ्या गुडघ्याखाली गोधडीचा भाग दाबून धरून स्त्री शिवते. डावा हात खालून थर चाचपतो, उजवा वरून सुई घालतो. कंबर व मान भरून येणे, बोटे सुईने सोलली जाणे या तक्रारी सार्वत्रिक आहेत. वय वाढले की सुईच्या नाकातून दोरा ओवणे कठीण होते. चाळिशी लावूनही ते जमेनासे झाले म्हणजे घरातील नातवंडास हाक मारली जाते. जेवणानंतर एकदम पाच-सहा सुया ओवून घेऊन त्या गोधडीच्या कडेस टोचून ठेवण्याची युक्ती वृद्ध स्त्रिया करतात. शिवणकामाची ओळख पुष्कळ मुलींना याच कामातून, म्हणजे आजीची सुई ओवून देण्यातून, होते.

मोठी गोधडी शिवताना शेजारणी मदतीस येतात. चार कडांना चौघी बसल्या, तर चारही बाजूंनी ओळी सारख्याच वेगाने आत सरकतात. अशा मदतीचा मोबदला पैशाने देत नाहीत. तो तिच्या गोधडीच्या वेळी श्रमानेच फेडला जातो. या बैठकीत गावातील सोयरिकी, आजारपणे, पिकपाणी, माहेरच्या वार्ता यांची देवघेव होते. घराबाहेर बसण्यास एरवी सबब लागणाऱ्या स्त्रियांना गोधडी ही कोणी आक्षेप घेऊ न शकणारी सबब पुरवते.

श्रमाचे मान : गोधडीस लागणारे श्रम सामान्यतः मोजले जात नाहीत; ते ढोबळ मानाने काढता येतात. २ मी. लांब व १.५ मी. रुंद अशा गोधडीचे क्षेत्रफळ ३ चौ. मी. होते. ओळींतील अंतर २ सेंमी. धरले, तर सर्व ओळींची मिळून लांबी सु. १५० मी. भरते. एका टाक्यास त्याच्या पुढील मोकळ्या जागेसह १ सेंमी. लागतो असे मानल्यास टाक्यांची संख्या १५,००० होते. मिनिटास १० टाके या गतीने त्यांना २५ तास लागतात. रोज दोन तास मिळाले, तर सु. १३ दिवस केवळ शिवण्यात जातात; निवड, मांडणी, टाचणे व गोट लावणे यांचा वेळ निराळा. ओळींतील अंतर निम्मे केले, तर श्रम दुप्पट होतात. बारीक व दाट टाक्यांच्या गोधडीस घरात जो मान असतो, त्याचे कारण या हिशोबात आहे.

भारताच्या जनगणनेत केवळ स्वतःच्या घरातील घरकाम करणाऱ्या व्यक्तीची गणना काम करणाऱ्यांत होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसास सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात असे दिसून आले. गोधडीचे दोन तास स्त्रीच्या अशा दिवसातून काढलेले असतात. तिला ‘रिकामपणचे काम’ म्हणण्याची रीत असली, तरी हा रिकामा वेळ आपोआप मिळत नाही.

उबेचे कारण : कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ते शरीराची उष्णता बाहेर जाऊ देण्यास अडथळा करते. हा अडथळा मुख्यतः थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे निर्माण होतो, कारण स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. तितक्याच वजनाच्या एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ थरांची गोधडी अधिक उबदार असते ती यामुळेच. टाके फार घट्ट ओढले, तर थर दाबले जाऊन हवा निघून जाते; फार सैल व विरळ ठेवले, तर आतील चिंध्या सरकून एका बाजूस गोळा होतात. दोन बोटांपेक्षा कमी अंतर व टाका ‘बसेल पण आवळणार नाही’ इतकी ओढ, हा अनुभवाने ठरलेला मध्यममार्ग होय.

सुती धागा घामाचा ओलावाही शोषतो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सु. ७ ते ८ टक्के पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण सु. ०.४ टक्का इतकेच आहे. टेरिलीन किंवा नायलॉनच्या साड्यांची गोधडी अंगास चिकटते व तिच्यात घुसमटल्यासारखे वाटते, याचे कारण हेच.

निगा : सुती लुगड्यांच्या आठ थरांची गोधडी कोरडी असताना दोन ते अडीच किग्रॅ. भरते व भिजल्यावर तिचे वजन दुपटीहून अधिक होते. ती धुणे हे एकटीचे काम नाही. घटस्थापनेपूर्वी घराची झाडलोट करून सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर वा ओढ्यावर नेऊन धुण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. सोड्याच्या पाण्यात भिजवून, पायांनी तुडवून व दगडावर आपटून गोधड्या धुतल्या जातात. दोघी दोन टोके धरून उलट पीळ देऊन पाणी काढतात आणि खडकांवर वा काटेरी कुंपणांवर त्या वाळत घालतात. भाद्रपदाच्या अखेरीस नदीकाठी पसरलेल्या गोधड्यांवरून गावातील प्रत्येक घराचे हस्तकौशल्य उघड्यावर तपासले जाते. एरवी ढेकूण व कुबट वास घालवण्यासाठी त्यांना कडक ऊन दाखवतात.

सामाजिक व भावनिक आशय : नवजात बालकास प्रथम जुन्या मऊ कापडात गुंडाळण्याची रीत आहे. नवे कापड टोचते हे तिचे व्यावहारिक कारण. वडील माणसाच्या वापरातील वस्त्राबरोबर त्याचे आयुष्य मुलास लाभावे, ही तिच्यामागील श्रद्धा. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीकरिता आई व आजी दुपटी शिवून ठेवतात. घरातील वृद्ध स्त्रीच्या पश्चात तिच्या पेटीतील धुवट लुगडी बहुधा वाटून दिली जातात. पण एखादे गोधडीसाठी राखून ठेवले जाते. अशा गोधडीतील कोणते ठिगळ कोणाचे, हे घरातील स्त्रिया बोट ठेवून सांगतात. सामान्य कुटुंबात जुनी कागदपत्रे वा छायाचित्रे नसतात. तेथे ठिगळांची ही ओळख हीच पिढ्यांची नोंद असते. मात्र ती सांगणाऱ्या स्त्रीबरोबर नष्ट होते, कारण ठिगळावर नाव लिहिलेले नसते.

चिंधीचे हे मोल लोककथेतही प्रकट झाले आहे. श्रीकृष्णाचे बोट कापले असता सुभद्रा चिंधी शोधत राहिली, तर द्रौपदीने आपले भरजरी वस्त्र फाडून बोटास बांधले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. तिचा रोख अर्थातच भावाबहिणीच्या प्रेमाकडे आहे. परंतु चिंधी ही घरात वेळेला सापडावी अशी वस्तू आहे, हे ती गृहीत धरते.

गोधडीची दुसरी बाजू दारिद्र्याची आहे. ज्या घरात धड कापडच नसते, तेथे गोधडीसाठी चिंध्याही सहज मिळत नाहीत. त्या मागून किंवा वेचून आणाव्या लागतात. एकाच गोधडीखाली तीन-चार मुलांनी निजणे हा अनेकांच्या बालपणाचा अनुभव आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण अशा घरांत केवळ अलंकारिक राहत नाही. त्यामुळे हाती पैसा येताच पुष्कळ कुटुंबांनी गोधडी अडगळीत टाकून गिरणीची चादर किंवा ब्लँकेट घेतले, हे स्वाभाविकच होते. गोधडीकडे केवळ गतस्मृतींच्या मायेने पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

इतर प्रदेशांतील समांतर परंपरा : जुन्या कापडांचे थर धावदोऱ्याने शिवण्याची पद्धत भारतात दूरवर पसरलेली आहे. बंगालच्या ‘कांथा’त साड्यांच्या काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी फुले, प्राणी व कथाप्रसंग भरतात, गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी त्यांचा मोठा संग्रह केला. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यात ‘सुजनी’, सिंध, कच्छ व पश्चिम राजस्थानात ‘रल्ली’ आणि कर्नाटकात ‘कौदी’ ही त्याच कुळातील पांघरुणे होत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले लहान तुकडे बसवतात व त्यांना ‘फूल’ म्हणतात; त्यांच्याशिवाय गोधडी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. बंगाली कांथ्याच्या तुलनेत मराठी गोधडीत भरतकाम नाही. तिचे सौंदर्य ठिगळांच्या मांडणीत व टाक्यांच्या सारखेपणात आहे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्क येथील व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शित झाल्या व २००६ मध्ये तेथील टपाल खात्याने त्यांची चित्रे असलेली तिकिटे काढली. थंडी निवारण्यासाठी शिवलेली वस्तू कलाकृती म्हणून मान्यता पावू शकते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

आधुनिक काळातील बदल : १९६० नंतर टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन ही कृत्रिम व मिश्र धाग्यांची कापडे प्रचारात आली आणि नऊवारीची जागा उत्तरोत्तर पाचवारीने घेतली. त्यामुळे गोधडीचा मूळ कच्चा मालच बदलला. कृत्रिम कापड लवकर झिजत नाही व सुती कापडासारखे मऊही पडत नाही; ते घसरते, त्याच्या कडा सुटतात. दुसरीकडे शिवणयंत्र घरोघरी आल्याने गोधडी एका दिवसात शिवणे शक्य झाले. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात; ती एकसारखी व घट्ट असते, पण थर अधिक दाबले जातात. हाताचा टाका सैल व लवचिक असतो आणि तुटल्यास तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो.

गोधडी आता विक्रीची वस्तूही बनली आहे. शहरांत मापाप्रमाणे गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया आहेत. बचत गट प्रदर्शनांतून गोधड्या विकतात. गिऱ्हाईक घरातील जुन्या साड्या देते व आठवण म्हणून त्यांची गोधडी करवून घेते, हा या व्यवसायातील अलीकडचा विशेष. यामुळे शिवणाऱ्या स्त्रीच्या हाती स्वतःचे पैसे येतात, हा मोठाच लाभ होय. मात्र मजुरी नगावर ठरते, तासांवर नव्हे. आणि हातशिवणीच्या पंधरा हजार टाक्यांची किंमत यंत्रावरील गोधडीच्या किमतीशी ताडून पाहिली जाते. हातशिवण टिकावयाची असेल, तर तिच्या श्रमांचा हिशोब विक्रीच्या किमतीत उतरला पाहिजे. तसेच, जुन्या गोधड्यांचे जतन करताना कापड व शिवण यांच्या नोंदीबरोबर ती शिवणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव व ठिगळांविषयी तिने सांगितलेली माहिती लिहून ठेवणे अगत्याचे आहे. ज्यांच्या हातची शेवटची गोधडी अजून घरात आहे, त्या स्त्रिया हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.